माशांआधी पाणी

क्रॉफर्ड मार्केटमध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांपुढे सुट्टीच्या दिवशी चांगली गर्दी असते. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवतं आणि रंग सांगतं: ते लाल दोन, ते पट्टेवाले चार, तो काळा एक. दुकानदार जाळी फिरवतो, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, मासे आणि हवा भरून वर रबर बँड मारतो, सोबत निळ्या औषधाची बाटली देतो. काचेची पेटी, खडी, पंप आणि मासे असं सगळं एकाच खेपेत घरी जातं. संध्याकाळी पेटीतला दिवा लागतो, शेजारीपाजारी बघून जातात, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक मासा तळाशी आडवा पडतो. मग घरात ठरतं, की आपल्याला मासे लाभत नाहीत.

यात लाभण्याचा काही संबंध नाही, हे एका काकांच्या मागे फिरताना नीट कळलं. दवाखाने, कचेऱ्या आणि घरांमधल्या पेट्या बसवायच्या आणि राखायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. मुलुंडच्या एका घरी नवी पेटी बसवायची होती, तेव्हा सुरुवातीपासूनचं काम बघू द्या म्हणून त्यांना गळ घातली. "या की," ते म्हणाले, "पण महिनाभर बघण्यासारखं काही नसेल."

पहिल्या दिवशी त्यांच्या पिशवीत पाणसळ होती, थर्माकोलचा पत्रा होता आणि पाणी तपासायची छोटी पेटी होती. मासा एकही नव्हता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ लिटरच्या आसपास उरतं. काच आणि वाळू धरून हे सगळं ६०-७० किलोंच्या घरात जातं. टीव्हीच्या हलक्या स्टँडचं हे काम नव्हे. काकांनी भिंतीलगतचं लोखंडी टेबल पसंत केलं, त्यावर पाणसळ ठेवली आणि एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. टेबल तिरकं असेल तर सगळा ताण एका सांध्यावर येतो आणि सिलिकॉन सुटतं. थर्माकोल बारीकसारीक उंचसखलपणा झाकतो. खिडकीजवळची जागा घरच्यांना आवडली होती. ती त्यांनी नाकारली. ऊन आलं की शेवाळ माजतं आणि दुपारी पाणी तापतं. पंपाची वायर बोर्डापर्यंत ताणून न नेता मध्ये खाली झोळ सोडला, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, प्लगात शिरत नाही.

तेवढ्यात घरच्या वहिनींनी आपली यादी सांगितली. आठ सोनेरी आणि एक काळा, वास्तूसाठी. ही मागणी काकांना नवी नव्हती. ते हसून म्हणाले, "वहिनी, दहा बाय दहाच्या खोलीत नऊ पैलवान ठेवल्यासारखं होईल ते." दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो. तो खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. त्याला गार पाणी मानवतं, शेजारच्या बहुतेक माशांना कोमट लागतं. आणि तो काळा, डोळे बाहेर आलेला ब्लॅक मूर, त्याला नीट दिसत नाही. चपळ गोल्डफिश खाणं संपवतात तेव्हा हा अजून ते शोधत असतो. वास्तूचं रक्षण करायला आणलेल्या माशाचीच उपासमार होते.

"मग कुठले आणायचे?" मुलानं विचारलं.

"ते आपलं पाणी सांगेल," काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून. डोंगरावरच्या पावसाचं पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी. बोअरवेलच्या पाण्यात मात्र खडकातले क्षार उतरलेले असतात. या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो हे कळल्यावर काकांनी वॉचमनकडून टँकरच्या टाकीतलं पाणीही एका बाटलीत मागवून घेतलं. दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवल्या. नळाचं पाणी मऊ, टँकरचं चांगलंच जड निघालं. निवडीची पहिली चाळणी इथे लागली. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत सिच्लिड माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, ते बाद. मॉलीलाही जड पाणीच मानवतं, तीही बाद. अगदी मऊ, आम्ल पाण्यातच खुलणारे नाजूक मासेही बाद, कारण एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी घालावंच लागणार. दोन्ही पाण्यांत निभावून नेतील असे काटक मासेच हवेत.

दुसरी चाळणी आकाराची. दुकानात 'शार्क' म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा हा मुळात पंगॅशियस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. निसर्गात तो मीटरभराहून लांब वाढतो. काच साफ करील म्हणून घेतलेला सकर फिश फूटभराच्या पुढे जातो, आणि मोठा झाल्यावर काच साफ करायचंही सोडतो. ऑस्करही फूटभर, शिवाय तोंडात मावेल ते गिळणारा. दुकानात ही सगळी पिल्लं असतात, म्हणून एका मापाची दिसतात.

तिसरी चाळणी स्वभावाची, आणि लोक इथेच जास्त फसतात. एंजल फिश संथ आणि देखणा असला तरी तो सिच्लिड कुळातला. मोठा झाला की निऑन टेट्रासारखे बारीक मासे त्याचं भक्ष्य होतात. टायगर बार्ब थवा लहान असेल तर इतरांच्या लांब पंखांचे लचके तोडतो, त्यामुळे त्याच्याबरोबर गप्पी, एंजल किंवा फायटर ठेवायचा नाही. फायटरचे दोन नर एका पेटीत आले की एकमेकांना फाडतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिका विहिरींत सोडतात तो साधा गप्पी भांडत नाही, पण नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्लांचा हिशेब राहत नाही. काही मासे तर थव्याशिवाय जगायचे म्हणून जगतात. त्यांचे दोनच आणले तर ते झाडाआड दडून बसतात, नाहीतर एकमेकांना छळतात. सहाच्या खाली आणूच नयेत.

मुलाचा जीव निळ्या फायटरवर होता. काकांनी त्याला सरळ सांगितलं, "तो हवा तर तो एकटाच. थवा हवा तर तो नाही. तू ठरव." मुलानं थोडा विचार करून थवा निवडला. कागदावर पंधरा-वीस नावं होती, त्यातली बहुतेक खोडली गेली होती. निवड ही अशीच होते. आवडलेले मासे जमवत गेलं तर पेटीत भांडण भरतं.

मग वाळू धुवायला घेतली. बादलीत हात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं, निवळशंख पाणी येईपर्यंत. वाळू बारीक आणि गोलसर घेतली होती. टोकदार खडी तळाशी फिरणाऱ्या माशांच्या मिशा झिजवते. पेटीत थाळी ठेवून तिच्यावर पाण्याची धार सोडली, म्हणजे वाळू उधळत नाही. मागच्या बाजूला वॅलिसनेरियाची पाती लावली, लाकडाच्या तुकड्यावर जावा फर्न दोऱ्यानं बांधलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं, म्हणून पाणी आदल्या दिवसापासून उघड्या पिंपात ठेवलं होतं आणि वर अँटी-क्लोरीनचे थेंबही घातले. स्पंज फिल्टर बसवला, हवेचा पंप सुरू झाला आणि बुडबुडे उठले. वहिनींनी विचारलं, "आता आणू मासे?"

"आता नाही. आता हिला मासे नसताना खायला घालायचं," असं म्हणून काकांनी रिकाम्या पेटीत खाण्याची चिमूट टाकली.

सगळ्या कामाचं मर्म या चिमटीत आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत साठतो. पाणी जितकं अल्कधर्मी आणि उबदार, तितका तो जास्त जहाल. जुन्या पेटीत त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, आणि मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातही धापा टाकत पृष्ठभागाशी येतो. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. थोडं झाडं शोषतात, उरलेलं पाणी बदलून काढता येतं. पण हे जिवाणू नव्या, चकचकीत पेटीत जवळपास नसतातच. स्पंजावर, वाळूवर, काचेवर त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटीबरोबर आलेले मासे नेमके याच आठवड्यांत मरतात, आपण सोडलेल्याच विषात.

काकांनी वेळ वाचवण्यासाठी आपल्या एका जुन्या, निरोगी पेटीतला काळपट स्पंज आणून नव्या पाण्यात पिळला. काही दिवसांत पाणी दुधासारखं झालं. घरचे दादा घाबरले आणि सगळं पाणी उपसून टाकायला निघाले. काकांनी फोनवरच थांबवलं. जिवाणूंची ती पहिली लाट असते, आपोआप बसते. पाणी उपसलं की पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीचं काम मुलाकडे होतं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा आणि वहीत लिहायचं. ती वही बघण्यासारखी होती. आधी अमोनियाची नळी हिरवी होत गेली. ती फिकी पडू लागली तशी नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी झाली आणि बरेच दिवस जांभळीच राहिली. इथे मुलाचा धीर सुटत आला होता. मग एका आठवड्यात तीही उतरली आणि नायट्रेटचा नारिंगी रंग दिसू लागला. काकांनी खात्रीसाठी पुन्हा खाणं टाकून पाहिलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. "आता पेटी भरली," ते म्हणाले. पेटीत अजून काहीच नव्हतं.

दुकानात गेल्यावरही त्यांना घाई नव्हती. आधी संपूर्ण टाकीवर नजर फिरवली. एखादा मेलेला मासा तरंगत असेल, तर त्या टाकीतला एकही घ्यायचा नाही, कारण पाणी सगळ्यांचं एकच. पंख मिटून कोपऱ्यात थांबलेला, पोट खपाटीला गेलेला, अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असलेला मासा नको. दुकानदाराला खाणं टाकायला सांगितलं आणि कोण धावून येतं ते पाहिलं. शेजारच्या टाकीत गुलाबी-हिरव्या कडांचे पारदर्शक ग्लास फिश होते. हा मूळचा आपल्याच नद्यांमधला मासा, त्याच्या अंगात सुईनं रंग भरलेला असतो. काका पुढे सरकले. अशी खरेदी थांबल्याशिवाय सुया थांबणार नाहीत.

घेतले ते आठ झेब्रा डॅनिओ, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे, पाण्याच्या वरच्या थरात सतत धावणारे. त्यांचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात केलं. आज हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, आणि मूळचा आपल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. थंडीत हीटर न लावता तो निभावतो, मऊ-जड पाण्याची तक्रार करत नाही, आणि किमतीला दुकानातल्या सगळ्यात स्वस्तांपैकी एक. दक्षिण अमेरिकेतले सहा ब्राँझ कोरी तळासाठी ठरले, पण ते डॅनिओ रुळल्यावर आणायचे. सगळे एकदम आले तर जिवाणूंच्या ताकदीबाहेर घाण होते. मधल्या थरासाठी हनी गौरामीची जोडी मुलाला हवी होती. तीही बाद झाली. डॅनिओंच्या धावपळीत तो लाजरा मासा बुजून बसला असता.

घरी पेटीचा दिवा बंद केला. पिशवी पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगत ठेवली, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होतं. मग थोड्या थोड्या वेळानं पेटीतलं पाणी वाटीनं पिशवीत घातलं. शेवटी मासे जाळीनं उचलून सोडले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. निळं औषध घातलंच नाही. निरोगी माशाला ते नको असतं, आणि ज्या जिवाणूंसाठी महिना घालवला त्यांनाही ते बाधतं. घरच्यांना नेमून दिलेली कामं मोजकी: दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं, दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं, आणि स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळणं, नाहीतर क्लोरीननं वस्ती मरते.

निघताना काकांनी एक गोष्ट बजावली, ती प्रत्येक पेटीवाल्यानं ऐकावी अशी आहे. कंटाळा आला किंवा मासा फार वाढला, तर तो नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. घरोघरच्या पेट्यांतून सुटलेला सकर फिश आज देशातल्या कित्येक जलाशयांत पसरला आहे, उजनीच्या मच्छीमारांची जाळी तो फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही. मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. आणि पेटी आजच घेतली असेल, तर मासे पुढच्या महिन्यात घ्या.