केअर ऑफ ९९ एपीओ

१९७१ साली मी चौथीत होते आणि आमच्या आळीतल्या बहुतेक घरांची पत्रं मीच वाचत होते, मीच लिहीत होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. पलटणीत माणूस नाही असं घर तिथं शोधावं लागे. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. आमच्या गावाला असं नाव मिळालं नाही, पण घरोघरची तऱ्हा तीच. पुरुष पलटणीत, बायका रानात आणि म्हाताऱ्या चुलीपाशी. बायकांपैकी फारच थोड्या शाळेची पायरी चढलेल्या. मग पत्र वाचणार कोण? शाळेत जाणारं पोर.

मुंबईत वाढलेल्या माझ्या वयाच्या मैत्रिणी १९७१च्या भारत-पाक लढाईबद्दल सांगतात तेव्हा भोंगे वाजतात, खिडक्यांना काळे कागद लागतात. आमच्या आळीत तर वीजच आली नव्हती. आमच्याकडे लढाई यायची ती पोस्टाच्या थैलीतून. पोस्ट शाळेतच होतं, कारण गुरुजीच पोस्टमास्तर. थैली आली की गुरुजी फळ्याकडे पाठ करून लाखेचं सील तोडायचे आणि सगळा वर्ग पाढे म्हणत म्हणत त्यांच्या हातांकडे बघायचा. पत्र असलं की गुरुजी नाव पुकारायचे. नसलं की आपलं नाव त्यांनी चुकून गाळलं असेल, असं वाटत राहायचं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पत्ता मला पाढ्यांसारखा पाठ होता. आधी लष्करी नंबर, मग हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी केअर ऑफ ९९ एपीओ. त्यात गाव नाही, जिल्हा नाही. लष्कराच्या टपालाची ही पद्धत आजही आहे. ५६ एपीओची पत्रं दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात जातात, ९९ एपीओची कलकत्त्याच्या. कोणती पलटण कुठं आहे हे त्या केंद्राला ठाऊक असतं. पत्र टाकणाऱ्याला ते कळू द्यायचं नसतं. पण बायकांनी त्यातूनही माग काढला होता. ५६ म्हणजे पश्चिमेकडं, ९९ म्हणजे बंगाल-आसामकडं. त्या पावसाळ्यापासून आळीत ९९ वाढत चालले होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागू लागलं. पूर्व पाकिस्तानातून कोटभर माणसं जीव घेऊन आपल्याकडं आली आहेत, हे गुरुजींनी ते तिकीट हातात धरूनच आम्हाला सांगितलं.

पत्र वाचणं सोपं नव्हतं. अक्षराची अडचण नव्हती. अडचण होती ती ऐकणाऱ्यांची. शेजारच्या काकींचं पत्र उंबऱ्यात बसून वाचायचं, तर समोर सासू, दीर, आणि आत चुलीपाशी काकी पाठमोऱ्या. ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार’पासून बैलाच्या चौकशीपर्यंत आवाज खणखणीत ठेवायचा. मग तळाशी, कागद संपता संपता, काकांनी काकींसाठी दोन ओळी लिहिलेल्या असायच्या. त्या मी वगळायचे. नंतर विहिरीवर काकी घागर भरताना माझ्याशेजारी उभ्या राहायच्या आणि मी त्या दोन ओळी पाण्याकडे बघत म्हणून दाखवायचे. मला कुणी हे शिकवलं नव्हतं. काही पत्रांत सेन्सॉरनं शाईनं ओळ झाकलेली असे. तिथं काय असेल याचे आळीभर तर्क चालत, आणि मी कागद उन्हात धरून बघत असे.

लिहायच्या पत्रांत तर सगळी लपवाछपवीच. धाकटा तापानं फणफणलेला असताना आई सांगायची, “लिही, इकडे सर्व खुशाल.” मी लिहायचे. अण्णाही तेच लिहायचे. दोन्हीकडचं खोटं एका नऊ वर्षांच्या मुलीला माहीत होतं आणि ते तिनं कुणाला सांगायचं नव्हतं. लढाईतल्या मुलांबद्दल लिहिणारे त्यांच्या भीतीबद्दल लिहितात. त्यांच्यावर पडलेल्या या जोखमीबद्दल मला फार कमी वाचायला मिळालं. म्हणून हे लिहिते आहे.

3 डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई उघड सुरू झाली. गावात रेडिओ होता तो सोसायटीच्या कचेरीत. रेडिओ कालची बातमी आज द्यायचा, पत्राला मात्र तीन-तीन आठवडे लागायचे. त्यामुळे घरात नेहमी जुनेच अण्णा असायचे. 16 डिसेंबरला ढाका पडलं, 93 हजार कैदी झाले. गुलाल उधळला, शाळा सुटली, मारुतीच्या देवळापुढं ढोल वाजले. आई घराबाहेर आली नाही. दोन दिवसांनी पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, पण तिनं आधी विचारलं, “तारीख काय घातलीय?” तारीख नोव्हेंबरची होती. तिनं पत्र वाचून घेतलंच नाही. डब्यात ठेवलं.

अण्णा जंगी पलटणीत होते. ही पलटण, म्हणजे पहिली मराठा, त्या वेळी पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. 10 डिसेंबरच्या रात्री जमालपुरातून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी फौजेला तिनं अडवलं. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. दुसऱ्या दिवशी टांगाईलजवळ छत्रीनं उतरलेली दुसरी पॅरा मुळात मराठाच. आमच्या आळीत जंगी पलटणीचं घर आणि पॅराचं घर समोरासमोर होतं. त्या दोन पलटणी 12 डिसेंबरला पूंगलीच्या पुलाजवळ एकमेकींना भेटल्या, तेव्हा इकडं ती दोन घरं आपापल्या दारात बसून पोस्टाची वाट बघत होती.

अण्णांचं डिसेंबरचं पत्र जानेवारीत आलं. काकींकडं त्याआधीच तार आली होती. तालुक्याहून सायकलवर माणूस आला आणि थेट शाळेत गेला. तार इंग्रजीत होती. गुरुजींनी ती वाचली, घडी घातली आणि मला घरी जायला सांगितलं. काकींच्या घरचं एवढं एकच टपाल मी वाचलं नाही.

पुढची सगळी मात्र वाचली. पेन्शनचे कागद सुरू झाले आणि त्यात नावाचा घोळ निघाला. भरतीच्या वेळी काकांचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यांनी बायकोचं माहेरचं नाव सांगितलं होतं. सासरी तिचं नाव बदललं होतं. दोन्ही नावांची बाई एकच, असा दाखला सरपंचांनी आणि तलाठ्यानं द्यायचा होता. त्याच्या नकला मी काढल्या, कारण गावात टाइपरायटर नव्हता. अर्ज बेळगावला, रेजिमेंटच्या कचेरीत, रजिस्टरनं जायचे, तिकडून विचारणा यायची, मी ती उंबऱ्यात बसून वाचायचे. आता काकी चुलीपाशी बसत नसत. समोर येऊन बसत आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेत. 1972 चा दुष्काळ पडला, गावातली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, काकीही गेल्या. पेन्शनची पहिली रक्कम हाती आली तेव्हा मी पाचवी पास झाले होते.