महाडचं ‘डाहम’, पोलादपूरचं ‘रूपदालोप’

संगणकाला ‘महाड’ हे नाव द्या आणि उलटं छापायला सांगा. पडद्यावर येतं ‘डाहम’. पोलादपूरचं होतं ‘रूपदालोप’, रायगडचं ‘डगयार’. सावित्रीची तर कमालच. आधी ठिपक्याठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, त्याला लागलेली दीर्घ वेलांटी आणि पुढे ‘र्तिवास’.

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हा प्रयोग करायला सांगेन. संगणक मजकूर कसा साठवतो ते यातून लगेच कळतं. ‘महाड’मध्ये आपल्याला म, हा, ड अशी तीन अक्षरं दिसतात. संगणकाकडे चार नोंदी असतात : म, ह, काना आणि ड. रांग उलटी फिरवली की ह चा काना जाऊन ड ला चिकटतो. सावित्रीच्या शेवटची वेलांटी उलट्या रांगेत सगळ्यात पुढे येते. तिला टेकायला अक्षरच उरत नाही, म्हणून ते वर्तुळ.

लांबी विचारली तरी हीच गंमत. पोलादपूर वाचताना पाच अक्षरं, संगणकाच्या हिशेबात आठ. आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं तर चोवीस बाइट, कारण देवनागरीची प्रत्येक नोंद तीन बाइट जागा घेते.

गड पास, रायगड नापास

पायथन आणि जावा या भाषांत मजकूर म्हणजे ऑब्जेक्ट. म्हणजे त्याच्यापाशी स्वतःची माहिती असते आणि त्या माहितीवर करायची कामंही असतात. या कामांना मेथड म्हणतात. मजकुराच्या नावापुढे टिंब द्यायचं, मेथडचं नाव लिहायचं, कंस उघडायचा, बंद करायचा. काम झालं.

पायथनमध्ये ‘इझअल्फा’ नावाची एक मेथड आहे. ‘हा मजकूर निव्वळ अक्षरांचा आहे का?’ एवढंच ती तपासते. ‘गड’ला विचारलं तर उत्तर ‘हो’. ‘रायगड’ला विचारलं तर ‘नाही’! काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची नोंद अक्षर म्हणून होत नाही, चिन्ह म्हणून होते. त्यामुळे महाड नापास, वरंध नापास, पाचाडही नापास. एखाद्या अर्जात नाव तपासायला कुणी ही मेथड लावली, तर काना-मात्रा असलेली सगळी मराठी नावं तो अर्ज परत करील. मराठी माणसांसाठी अर्ज बनवणाऱ्याने हे आधी तपासलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

‘अपर’ ही मेथड इंग्रजी मजकूर मोठ्या लिपीत करून देते. मराठीत धाकटं-मोठं अक्षर नसल्यामुळे महाड होता तसाच परत येतो.

सहा नद्या, एक क्लास

ऑब्जेक्ट आणि क्लास समजावताना पुस्तकांत कुत्रा आणि गाडी ठरलेली. रायगड जिल्ह्यात याहून चांगलं उदाहरण दर पावसाळ्यात समोर येतं. जिल्हा प्रशासनाचा नद्यांच्या पातळीचा तक्ता बघा : कुंडलिका, अंबा, सावित्री, पाताळगंगा, उल्हास, गाढी. प्रत्येक नदीपुढे तेच रकाने. ठिकाण, इशारा पातळी, धोका पातळी, सध्याची पातळी.

रकान्यांची ही आखणी म्हणजे क्लास. नाव देऊ ‘नदी’. तक्त्यातली प्रत्येक भरलेली ओळ म्हणजे ऑब्जेक्ट. क्लास एक, ऑब्जेक्ट सहा.

आता आकडे बघा. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६.०० मीटर, धोका पातळी ६.५० मीटर. नागोठण्याला अंबेची इशारा पातळी ८.०० आणि धोका पातळी ९.०० मीटर. डोलवहाळला कुंडलिकेची २३.०० आणि २३.९५. समजा मोजपट्टीवर पाणी ७ मीटर आलं. सावित्रीने धोका पातळी ओलांडली, महाडच्या बाजारपेठेने सामान हलवायला घ्यावं. अंबा मात्र अजून इशाऱ्याच्याही खाली आहे. आकडा तोच, अर्थ नदीगणिक वेगळा.

म्हणून सातचा आकडा प्रोग्राममध्ये मोकळा सोडायचा नाही. तो त्या त्या नदीच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवायचा आणि तपासणारी मेथडही तिथेच, नाव ‘स्थिती’. सावित्रीला विचारलं की ती स्वतःच्या ६.५० शी ताडून पाहील, अंबेला विचारलं की अंबा ९.०० शी. एकीची पातळी दुसरीच्या मापाने मोजली जाण्याची चूक त्यामुळे होत नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा सगळा जीव मला इथे दिसतो. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या महाडला ही चूक किती महाग पडू शकते ते सांगायला नको.

वारसा म्हणजे इनहेरिटन्सही याच तक्त्यावर शिकता येतो. महाडच्या पाण्यावर समुद्राच्या भरतीचा परिणाम होतो. तेव्हा ‘नदी’वरून ‘भरतीची नदी’ असा नवा क्लास काढायचा. जुने रकाने आणि ‘स्थिती’ मेथड आपोआप मिळतात, भरतीची वेळ तेवढी नव्याने लिहायची.

हे सुचलं कुणाला?

नॉर्वेतल्या दोघांना. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा घडवली. क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा, तिन्ही गोष्टी तिच्यात होत्या. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर करून बघायची, यासाठी ती जन्मली. म्हणजे नदीच्या पातळीचं उदाहरण तिच्या मूळ हेतूच्या जवळचंच. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी दोघेही गेले.

आज महाडहून माणगावकडे निघालं की वाटेत लोणेऱ्याला, १९८९ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, संगणक अभियांत्रिकीची मुलं हाच विषय शिकतात.

दहा लहान, नऊ मोठा!

अंबेची पातळी १०.१० मीटर झाली. धोका पातळी ९.००. प्रोग्राम म्हणतो, धोका नाही. असं कसं?

पातळी संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घेतली की असं होतं. मजकूर शब्दकोशाच्या क्रमाने ताडला जातो, पहिलं चिन्ह आधी. १०.१० चा पहिला अंक १, ९.०० चा ९. एक नवाच्या आधी येतो, म्हणून दहा लहान ठरला! प्रोग्राम अडत नाही, लाल अक्षरांत काही सांगत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे छापतो. कीबोर्डवरून आलेला आकडा पायथनमध्ये मजकूर म्हणूनच हाती पडतो. त्याला ‘फ्लोट’मधून काढून संख्या केली की मगच तुलना करायची.

आनंदाची बाब अशी की मजकुरातले देवनागरी अंकही पायथनला कळतात. अवतरणातलं ‘६.५’ फ्लोटला दिलं की साडेसहा हातात. प्रोग्राममध्ये अवतरणाशिवाय थेट देवनागरी अंक लिहिला तर मात्र चालत नाही.

उलट बाजूचा नमुना पिनकोडचा. महाड ४०२३०१, पोलादपूर ४०२३०३. संख्या म्हणून बेरीज केली तर ८०४६०४, मजकूर म्हणून केली तर ४०२३०१४०२३०३. बेरीज दोन्हींची निरुपयोगी. पिनकोड मजकूर म्हणूनच ठेवावा.

छापलं म्हणजे दिलं का?

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ‘स्थिती’ मेथडमध्ये ‘प्रिंट’ लिहिलं की पडद्यावर ‘धोका’ उमटतो आणि वाटतं, झालं काम. पण छापलेला शब्द फक्त डोळ्यांना मिळाला. प्रोग्रामच्या पुढच्या ओळीच्या हाती काहीच आलं नाही. पायथनमध्ये तिथे ‘नन’, म्हणजे काहीही नाही, असं येतं. त्या उत्तरावरून भोंगा वाजवायचा असेल, सरपंचांना संदेश धाडायचा असेल, तर मेथडने ‘रिटर्न’ करून उत्तर परत द्यायला हवं. मग ते छापायचं की पाठवायचं, हे मागणारा ठरवील.

जुन्या टिपणांमधून शिकणाऱ्यांसाठी : डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून प्रिंटला कंस लागतोच. त्याआधी कंसाशिवाय चालायचं.

सावित्रीचा कान

‘सावित्री.स्थिती()’ असं लिहिलं की कंस रिकामा दिसतो. खरं तर पायथन त्याचं ‘नदी.स्थिती(सावित्री)’ असं करतो. कोणत्या नदीबद्दल विचारलंय ते मेथडला कळायला हवं ना! मेथड लिहिताना कंसात पहिलं ‘सेल्फ’ लिहायचं ते याच पाहुणीसाठी. विसरलात तर पायथन तक्रार करतो की शून्य गोष्टी हव्या होत्या, एक दिली. रिकाम्या कंसाकडे बघत बसू नका, ती एक म्हणजे सावित्री.

आणि हो, क्लासला ‘नदी’ आणि मेथडला ‘स्थिती’ ही नावं खरोखर देवनागरीत देता येतात. पायथन ३ ला आणि जावाला ती मान्य आहेत. खाचखळगा एकच. ‘दऱ्या’ हा शब्द टंकायच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ येतो, दुसरीत साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला जुळे, पण एकाची लांबी पाच, दुसऱ्याची सहा. पायथनला विचारलं तर दोन्ही सारखे नाहीत. अदृश्य चिन्हवाला शब्द नाव म्हणून तो घेतही नाही.

सत्तरात बसवा

मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये साध्या इंग्रजीची १६० चिन्हं मावतात, मराठीची सहसा ७०. त्याहून लांब संदेशाचे तुकडे पडतात. ‘सावित्री नदी धोका पातळीवर’ यात मोकळ्या जागा धरून २५ चिन्हं जातात. गावाचं नाव, वेळ आणि लोकांनी कुठे जायचं, हे सगळं उरलेल्या ४५ मध्ये बसवायचं. त्यासाठी ‘नदी’ क्लासला एक मेथड लिहा : संदेश तयार करणारी, लांबी मोजणारी आणि सत्तरच्या वर गेला तर पाठवण्याआधी सांगणारी.