तबकडीवरचं नाव आणि घड्याळाचे खरे कारागीर

शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायची, सोन्याचा मुलामा दिलेली जुनी फ्रेंच घड्याळं पाहताना नजर आधी तबकडीवर जाते. तिथे एखादं नाव आणि त्याखाली ‘पॅरिस’ दिसलं, की सगळं घड्याळ त्याच माणसाच्या हातचं असं आपण धरून चालतो. हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. राज्यक्रांतीपूर्वीच्या पॅरिसमध्ये कुणी काय करायचं हे कारागिरांचे संघ ठरवत. यंत्र घड्याळजीचं, ओतकाम ओताऱ्याचं. छिन्नीकाम आणि मुलाम्याचे हात आणखी वेगळे. 1791मध्ये हे संघ बरखास्त झाले, पण कामाची ही वाटणी पुढेही टिकली. तबकडीवरचं नाव बहुधा घड्याळजीचं किंवा विकणाऱ्याचं असे. ज्यांच्यामुळे घड्याळ देखणं झालं, ते बहुतेक निनावीच राहिले. ब्राँझकार पिएर-फिलिप तोमीरसारखी (1751–1843) मोठी नावं त्याला अपवाद. बाकीच्यांचं हे निनावीपण मला फार अन्यायाचं वाटतं.

त्यांचं काम जवळून पाहा. मूर्तीच्या अंगाला मंद, मऊ सोनं. वस्त्राची कड मात्र अकीकाने घोटून चकचकीत केलेली. सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावत आणि निखाऱ्यांवर तापवत. पारा उडून जाई, सोनं उरे. ती वाफ मुलामा देणाऱ्यांच्या छातीत जाई, हातांना कायमचा कंप सुटे. 1840नंतर विजेने मुलामा देण्याची पद्धत रुळत गेली. त्यामुळे ‘जितकं झळाळतं तितकं अस्सल’ हा हिशेब चालत नाही. आतून खरवडल्यावर पिवळ्याऐवजी करडा-पांढरा धातू दिसला, तर ते ब्राँझ नसून स्वस्त जस्ताचं ओतकाम आहे. आणि झळाळी आणायला पॉलिश तर मुळीच लावू नये. काही मायक्रॉनचा थर, घासला की गेला.

मागच्या पट्टीवर ‘रौप्यपदक 1855, व्हिन्सेंती’ असा शिक्का असला, तर ते पदक त्या घड्याळाला मिळालेलं नसतं, यंत्राच्या कारखान्याला मिळालेलं असतं. यंत्र त्या वर्षानंतरचं, एवढंच त्यावरून कळतं.

‘वेळ चुकते म्हणजे यंत्र झिजलं’ हेही दर वेळी खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक घड्याळांचा लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असे, आणि रेशीम हवेतल्या दमटपणाने कमी-जास्त ताणलं जातं. दुरुस्तीला नेण्याआधी तो दोरा तपासावा, आणि घड्याळ हलवताना लंबक काढून ठेवावा.