वळिवड्याची छावणी आणि युरोपचा संघ

उल्हासनगरात पत्ता सांगणारा माणूस आजही पेठेचे किंवा आळीचे नाव घेत नाही. तो कॅम्पाचा आकडा सांगतो. कॅम्प नंबर ३, कॅम्प नंबर ४ अशी ती भाषा आम्हां बदलापूरकरांच्याही इतकी अंगवळणी पडली आहे की, कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी आणि ती कोणत्या तरी युद्धासाठी उभी राहिली असली पाहिजे, हे कोणाच्या सहसा मनातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी जी विस्तीर्ण छावणी बांधली, तिच्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवड्याला उतरले म्हणजे अगदी याच घडणीची दुसरी वसाहत दृष्टीस पडते. तिचे नाव गांधीनगर. कापडाच्या घाऊक व्यापाराने गजबजलेली, दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत गठ्ठे रचलेली ही सिंधी निर्वासितांची पेठही महायुद्धातील एका छावणीच्या जागेवरच वसली आहे. फरक इतकाच, की सिंधी कुटुंबे येण्यापूर्वी तेथे पाच वर्षे राहिली होती पोलंडची माणसे. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे पाच हजार, आणि त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले.

युरोपचा राजकीय संघ किती घट्ट असावा, त्यात आणखी किती राष्ट्रांना प्रवेश द्यावा, आणि गेल्या महायुद्धाचा कोणता वृत्तांत खरा मानावा, हे तीन वाद आज त्या खंडात एकमेकांत गुंतून पडले आहेत. इकडे त्यांच्या बातम्या परदेश-वार्तांच्या स्तंभात त्रोटकपणे येतात आणि वाचक त्या ओलांडून पुढे जातो. परंतु वळिवड्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला ते वाद इतके परके वाटू नयेत, असे मला मनापासून वाटते. कारण ज्या प्रश्नांवर ब्रुसेल्समध्ये रात्र-रात्र खलबते चालतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ त्या पाच हजार माणसांच्या प्रवासात सापडते.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी व सोव्हिएत रशिया यांच्यात अनाक्रमणाचा तह झाला आणि त्याला जोडलेल्या गुप्त कलमांनी पूर्व युरोपची परस्पर वाटणी करून टाकली. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या. १७ तारखेला रशियन फौजा पूर्वेकडून आल्या. पूर्वेकडच्या या मुलुखात पोल, युक्रेनी, बेलारूसी व ज्यू अशी संमिश्र वस्ती होती, आणि १९२१ च्या रिगा येथील तहानंतर पोलंड सरकारने तेथे आपल्या निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसविले असल्यामुळे युक्रेनी रयतेच्या मनात त्या वसाहतींविषयी सल होताच. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत याच सैनिकांची आणि जंगलखात्यातील नोकरांची कुटुंबे रातोरात घराबाहेर काढण्यात आली, हाताला लागेल तेवढे सामान बांधायला जेमतेम अवधी देऊन मालगाडीच्या डब्यांत कोंबण्यात आली आणि उत्तरेच्या अरण्यांत व सैबेरियात लाकूडतोडीच्या कामाला जुंपण्यात आली. अशा एकूण चार लाटांत किती माणसे नेली गेली, याबद्दल आजही एकवाक्यता नाही. परागंदा पोल लोकांचा जुना अंदाज दहा लाखांच्या वर जाई, आणि पुढे खुल्या झालेल्या सोव्हिएत दफ्तरांतून निघणारा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला चढविला तेव्हा शत्रूचा मित्र झाला, ३० जुलैला पोलंडच्या लंडनस्थित परागंदा सरकारशी मॉस्कोने करार केला, आणि बंदिवान पोल लोकांना 'माफी' मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! त्यांच्यातून जनरल आंडर्स यांचे सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये ते सैन्य व त्याच्यामागोमाग निघालेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध मिळून एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. अनाथ मुलांपैकी सुमारे एक हजारांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे ठेवून घेतले, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याला उभी राहिलेली वसाहत तिच्याहून कितीतरी मोठी होती, तरी तिची वाच्यता कमी झाली. कौलारू बराकींच्या रांगा, पोलिश अभ्यासक्रमाच्या शाळा, चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, बालवीरांची पथके असे एक आखीव गाव पंचगंगेच्या खोऱ्यात नांदू लागले. क्षयाने ग्रासलेल्यांना पाचगणीला हवापालटासाठी पाठवीत. काही जणांना मायदेश पुन्हा दिसलाच नाही. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. दोन-चार मुलींनी कोल्हापुरातच लग्ने करून तेथेच संसार थाटले.

या माणसांवर खरा आघात झाला तो युद्ध संपताना. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या सत्तांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली आणि ल्वूव, विल्नो यांसारखी शहरे सोव्हिएत हद्दीत गेली. त्याच वर्षी ५ जुलैला इंग्लंड-अमेरिकेने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि ज्या लंडनच्या सरकारच्या छत्राखाली ही छावणी चालली होती, त्याची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या गावातून उचलून नेले ते गाव आता आपल्या देशात नाही आणि ज्या सरकारची आपण प्रजा, त्या सरकारला जग ओळखत नाही, अशा दुहेरी अनाथपणात वळिवड्याची वस्ती सापडली. बरेच लोक पोलंडला परतलेच नाहीत. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. जे परतले त्यांना कम्युनिस्ट राजवटीत सैबेरियाचा उच्चार चारचौघांत करण्याची सोय नव्हती, आणि सैबेरिया सांगितल्यावाचून कोल्हापूर कसे सांगणार? १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि सिंधमधील निर्वासितांनी ती भरली.

युरोपच्या संघाची कल्पनाही याच काळातील. १९४१ मध्ये व्हेंतोतेने या बेटावर मुसोलिनीच्या कैदेत असलेल्या आल्तिएरो स्पिनेल्ली व एर्नेस्तो रॉस्सी यांनी एक जाहीरनामा लिहून असा सिद्धान्त मांडला की, सार्वभौम राष्ट्रे जोवर स्वतःच्या मुखत्यारीने वागतात तोवर युद्ध अटळ आहे, म्हणून युरोपचे संघराज्यच झाले पाहिजे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमाँ यांनी त्याहून सावध मार्ग दाखविला: तूर्त फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकाराखाली आणावे. पुढील वर्षी सहा राष्ट्रांनी तसा करार केला. परंतु सामायिक सैन्याचा बेत ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच लोकसभेनेच हाणून पाडला, आणि तेव्हापासून आजतागायत युरोप संघराज्य व्हावे की राष्ट्रांचा नुसता सहकार असावा, हा वाद निकालात निघालेला नाही. आपल्याकडे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले ते करारनाम्यावरील सहीने. मागे फिरण्याची वाट त्यात नव्हती. युरोपच्या तहात मात्र बाहेर पडण्याचे कलमच लिहिलेले आहे आणि ते वापरून ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेरही पडले. आमच्या बदलापूरने व अंबरनाथने १९८३ मध्ये कल्याणच्या महापालिकेत सामील होणे आणि १९९२ मध्ये वेगळे होणे असे दोन्ही अनुभव घेतले आहेत. कर कोणाचा आणि कारभार कोठून, एवढ्याच प्रश्नावर माणसे किती हटून बसतात, हे येथल्या जुन्या माणसांना निराळे सांगावयास नको. मग जेथे भाषा, सीमा आणि गाडलेली माणसे यांचाही हिशेब आहे, तेथे काय होत असेल?

१ मे २००४ रोजी पोलंडसह दहा राष्ट्रे संघात आली. आदल्या वर्षीच्या सार्वमतात पोलंडमधील सत्त्याहत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी अनुकूल कौल दिला होता. १९९३ मध्ये कोपनहेगन येथे ठरलेल्या प्रवेशाच्या अटी म्हणजे लोकशाही संस्था, कायद्याचे राज्य, अल्पसंख्याकांचे रक्षण, स्पर्धेला टिकणारी बाजारव्यवस्था आणि संघाचे सर्व कायदे अमलात आणण्याची तयारी. इतिहासाविषयी त्यांत एक अक्षरही नाही. परंतु नव्या सभासदांनी आपले मृतही बरोबर आणले. जून २००७ मध्ये संघाच्या मंत्रिमंडळात कोणाच्या मताला किती वजन द्यावे याची वाटाघाट चालू असता, पोलंडचे तत्कालीन पंतप्रधान यारोस्लाव काचिन्स्की यांनी असा मुद्दा मांडला की, १९३९ ते १९४५ ही वर्षे आली नसती तर पोलंडची लोकसंख्या आज ६ कोटी ६० लाख असती. प्रत्यक्षात ती होती ३ कोटी ८० लाखांच्या आसपास. जर्मनीत या विधानाने संताप उसळला. मला मात्र त्यातील आकडेमोड अमान्य असली तरी त्यामागचे दुःख बनावट वाटत नाही. जन्मालाच न आलेल्यांना मताधिकार देता येत नाही, हे खरे. पण लोकसंख्येच्या प्रमाणात मते वाटणाऱ्या सभेत, ती लोकसंख्या कोणी घटविली असे एका राष्ट्राने विचारले, तर तो प्रश्न अप्रस्तुत म्हणून झटकून टाकणेही न्यायाचे नाही.

पश्चिम युरोपच्या स्मरणात १९४५ हे मुक्तीचे वर्ष आहे. पूर्वेच्या स्मरणात ते एका धन्याच्या जागी दुसरा धनी आल्याचे वर्ष आहे. हा भेद मिटविण्यासाठी युरोपीय संसदेने १९ सप्टेंबर २०१९ रोजी ठराव करून महायुद्धाचा मार्ग मोकळा केल्याचा ठपका १९३९ च्या त्या तहावर ठेवला. रशियाच्या अध्यक्षांनी पुढच्याच वर्षी दीर्घ लेख लिहून त्याचा प्रतिवाद केला आणि १९३८ च्या म्युनिक कराराकडे बोट दाखविले. ठरावातील निष्कर्ष मला मूलतः बरोबर वाटतो, आणि तरीही बहुमताने इतिहासाचा निवाडा करण्याची ही रीत घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आज एका बहुमताने जे सत्य ठरले ते उद्या दुसऱ्या बहुमताने असत्य ठरू शकते. कातीनचे उदाहरण पाहावे. १९४० च्या वसंतात सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व कैदी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घालून मारले. घरी येणारी त्यांची पत्रे त्या वसंतात थांबली ती कायमची. मॉस्कोने जवळजवळ पन्नास वर्षे तो दोष जर्मनांवर ढकलला, आणि १३ एप्रिल १९९० रोजी प्रथम कबुली दिली. पुढे पोलिटब्युरोच्या मंजुरीचा अस्सल दस्तऐवजच पोलंडच्या हाती आला तेव्हा वादाची रुजुवात झाली. कोणत्याही संसदेच्या ठरावाने ते काम झाले नसते.

इतिहासाला प्रवेशाची अट बनविले म्हणजे काय होते, ते उत्तर मॅसिडोनियाने भोगले आहे. ग्रीसच्या हरकतीपायी त्या देशाने २०१९ मध्ये आपले नाव बदलले; तोच २०२० मध्ये बल्गेरियाने त्याची भाषा आणि इतिहास यांवर आक्षेप घेऊन वाट अडविली. १९४१ ते १९४४ या काळात बल्गेरियाच्या फौजा तेथे होत्या. मार्च १९४३ मध्ये तेथील सात हजारांहून अधिक ज्यूंना त्यांनी जर्मनांच्या हवाली केले आणि ते त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले; स्वतःच्या मूळ हद्दीतील सुमारे अठ्ठेचाळीस हजार ज्यूंना मात्र बल्गेरियाने वाचविले. बल्गेरियाच्या सोफियात दुसरी गोष्ट शिकवितात, मॅसिडोनियाच्या स्कोप्येत पहिली. दोन्ही खऱ्या आहेत. दोन्ही देशांच्या इतिहासकारांचे संयुक्त मंडळ बसविले खरे, परंतु ज्याच्या एका नकारावर शेजाऱ्याचे भवितव्य टांगलेले आहे, त्याच्याशी विद्वानांनी मोकळ्या मनाने चर्चा करावी तरी कशी?

या सर्वांहून बिकट प्रकरण युक्रेनचे, आणि ते वळिवड्याच्या अगदी जवळचे. ज्या १९४३ साली पोलिश कुटुंबे कोल्हापूरच्या मातीत स्थिरस्थावर होत होती, त्याच साली त्यांच्या मूळ मुलुखात, व्होलिनिया प्रांतात, युक्रेनी राष्ट्रवादी सैन्याने पोलिश खेडी जाळली. तेथे व पूर्व गॅलिशियात मिळून पन्नास हजार ते एक लाख पोल मारले गेले असे इतिहासकार मानतात. प्रतिशोधात हजारो युक्रेनी मेले, आणि १९४७ मध्ये पोलंड सरकारने सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनी माणसांना घरांतून उठवून देशाच्या पश्चिमेस पांगविले. २०१६ मध्ये पोलंडच्या संसदेने व्होलिनियाच्या हत्याकांडाला वंशसंहार ठरविले. दुसऱ्या वर्षी युक्रेनने आपल्या भूमीवरील पोलिश प्रेतांच्या उत्खननाला मनाई केली. युक्रेनला संघाच्या उमेदवारीचा दर्जा २३ जून २०२२ रोजी मिळाला, रशियाच्या हल्ल्यामुळे आलेल्या लाखो युक्रेनी निर्वासितांना पोलंडने आपल्या घरांत घेतले, आणि तरीही २०२४ मध्ये पोलंडचे राज्यकर्ते उघड बोलू लागले की हा प्रश्न सुटल्यावाचून युक्रेनला संघाचे दार उघडणार नाही.

येथे मला पोलंडची मागणी एका मर्यादेपर्यंत सर्वस्वी न्याय्य वाटते. प्रेते उकरून, ओळखून, नावानिशी पुरू द्यावीत आणि दफ्तरे खुली करावीत, एवढे मागण्याचा मृतांच्या वारसांना हक्क आहे. त्यापलीकडे जाऊन शेजाऱ्याने आपल्याच शब्दांत कबुली द्यावी, आपल्याच संज्ञा त्याच्या पाठ्यपुस्तकांत छापाव्यात, असा आग्रह धरणे म्हणजे बल्गेरियाचा कित्ता गिरविणे होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी उत्खननाची वाट मोकळी केल्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या वसंतात पुझ्निकी या उजाड झालेल्या खेड्यात ते काम सुरूही झाले. युक्रेनच्या प्रवेशाची वाटाघाट तीसहून अधिक प्रकरणांत विभागलेली आहे, ती प्रकरणे उघडताना व मिटताना सत्तावीसही राष्ट्रांची संमती लागते, आणि शेवटच्या तहाला पुन्हा प्रत्येक राष्ट्राची मंजुरी घ्यावी लागणार आहे. तशी ती मिळालीच, तर वळिवड्यात वाढलेल्या मुलांचे ल्वूव, जे आज युक्रेनचे ल्विव्ह आहे, आणि वॉर्सा ही दोन्ही शहरे, युद्धातील जर्मन अंमलाची वर्षे वगळता, १९३९ नंतर प्रथमच एका राजकीय व्यवस्थेखाली येतील. आणि त्यासाठी या वेळी सीमेचा एकही दगड हलवावा लागणार नाही.