शाळेत शिकलेली स्पॅनिश कुठे जाते?

‘शाळेत दोन वर्षं स्पॅनिश घेतली होती, आता काही आठवत नाही’, हे वाक्य अमेरिकेत सर्रास ऐकू येतं. आपल्याकडे संस्कृतबद्दल ऐकू येतं, अगदी तसंच. अमेरिकी शाळांत सर्वाधिक शिकली जाणारी परकीय भाषा स्पॅनिशच. मग वर्गात घोकलेले ते शब्द, ती क्रियापदांची रूपं खरोखरच पुसली जातात का?

ओहायो वेस्लेयन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक यांनी ७३३ जणांची स्पॅनिशची परीक्षा घेऊन याचं उत्तर शोधलं. त्यातले काही अजून शिकत होते, तर काहींना भाषेचा वर्ग सोडून पन्नास वर्षं झाली होती. मधल्या काळात बहुतेकांचा स्पॅनिशशी फारसा संबंध आलेला नव्हता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. पहिली तीन ते सहा वर्षं गळती जोरात होते, पण नंतर ती थांबते. जे उरतं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहतं. ध्रुवीय प्रदेशातल्या कायम गोठलेल्या जमिनीवरून बॅरिक यांनी या साठ्याला ‘पर्मास्टोअर’ असं नाव दिलं. अर्थात, साठा किती उरणार हे मुळात किती आणि किती चांगलं शिकलं यावर ठरतं. शब्द आपणहून आठवण्यापेक्षा समोर दिसल्यावर ओळखणं सोपं जातं, हेही त्यात दिसलं.

पण हा साठा वाढवायचा कसा? बॅरिक आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी स्पॅनिश-इंग्रजी शब्दांच्या ५० जोड्या काही जणांकडून पाठ करून घेतल्या होत्या. एका गटाने सगळी आवर्तनं एकाच दिवशी उरकली, दुसऱ्याने रोज एक केलं, तिसऱ्याने दर ३० दिवसांनी एक. तिसऱ्या गटाची प्रत्येक वेळी सुरुवातीला दमछाक व्हायची, कारण महिन्याभरात बरंच विसरलेलं असायचं. कुणी घटक चाचणी घेतली असती तर हाच गट कच्चा ठरला असता. आठ वर्षांनी तपासलं तेव्हा एका दिवसात उरकणाऱ्यांना ६ टक्के शब्द आठवले, रोज करणाऱ्यांना ८ टक्के आणि महिन्याने करणाऱ्यांना १५ टक्के.

विसरू लागलेली गोष्ट मेंदूला ताण देऊन परत आठवावी लागते आणि त्या ताणानेच ती पक्की होते. वही उघडून पुन्हा वाचण्यात हा ताण नसतो. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द दिले. एकदा बरोबर आलेल्या शब्दाचीही ज्यांनी पुन्हापुन्हा चाचणी दिली, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. जमलेल्या शब्दाची चाचणी ज्यांनी बंद केली, त्यांना जेमतेम ३५ टक्के. नुसतं पुन्हा वाचण्याने काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे, आपल्याला किती आठवेल याचा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण सारखाच होता. ‘मला भाषा जमतच नाही’ असं एखादं मूल म्हणतं, तेव्हा त्याच्या बुद्धीआधी त्याची अभ्यासाची पद्धत तपासायला हवी.

जुन्या खुंटीला अडकवलेला शब्द लवकर टिकतो, आणि मराठी मुलांकडे अशा खुंट्या बऱ्याच आहेत. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्याशी इंग्रजी भाषक मुलं बराच काळ झगडतात, कारण त्यात कर्ता आंबा असतो. मराठीत ते सरळ ‘मला आंबा आवडतो’ असं होतं. आंबे अनेक झाले की ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ होतं, जसं ‘आवडतो’चं ‘आवडतात’. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. आपला पगार आला तो तिच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजमधून.

बॅरिक यांनी पुढे हा प्रयोग घरातच केला. ते स्वतः, पत्नी आणि दोन मुली अशा चौघांनी फ्रेंच किंवा जर्मनचे ३०० शब्द वेगवेगळ्या अंतरांनी पाठ केले आणि काही वर्षांनी तपासले. १९९३ मध्ये त्यांनी आकडे छापले. दर ५६ दिवसांनी केलेल्या १३ उजळण्या दर १४ दिवसांनी केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या होत्या.