बुलेटचे ‘फटाके’ आणि चालवणाऱ्याचे कान

जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे जाणारी एखादी बुलेट ‘फटाके’ फोडत गेली, की रस्त्यालगतच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठतं. कंपनीचा सायलेन्सर काढून कर्णकर्कश सायलेन्सर बसवणं ही हौस नव्हे, गुन्हा आहे. १७५ सीसीवरील दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा. ती मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय ३ महिने परवाना अपात्र.

आवाज ३ डेसिबलने वाढला, की त्याची ऊर्जा दुप्पट होते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या, की पुन्हा येत नाहीत. बाळ क्षणभर ऐकतं. चालवणारा मात्र रोज त्याच आवाजावर बसलेला! गाडी बंद केल्यावरही कानात शिट्टी वाजत असेल, तर कान तपासून घ्यावेत.