व्यायाम टाळणारे मन आणि कालाम सुत्ताची कसोटी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. वय होते ६५. मधुमेहाने अनेक वर्षे त्यांचे शरीर पोखरले होते. आजारपण चळवळीचे किती नुकसान करते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तरीही व्यायामाचा विषय निघाला की आपण म्हणतो, 'वेळ नाही.'

हा नुसता आळस नाही. आपले मन काही ठरावीक चुका करते.

पहिली चूक, जवळचे सुख मोठे मानणे. पहाटेची झोप आत्ता मिळते, निरोगी हृदयाचा फायदा वीस वर्षांनी. म्हणून रोज 'उद्यापासून' ठरते.

दुसरी चूक, सोयीचा पुरावा शोधणे. 'आजोबा कधी जिमला गेले नाहीत, तरी नव्वदी गाठली.' पण आजोबा शेतात राबत, कोसभर पायी जात. आणि जे अकाली गेले, त्यांचे उदाहरण आपण देतच नाही.

तिसरी चूक, जमले तर सगळे, नाहीतर काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. एका वेळी किमान १० मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे, ही जुनी अट २०२० च्या सूचनांमध्ये राहिलेली नाही. म्हणजे जिने चढणे, बस स्टँडपर्यंत झपाझप चालत जाणे, हेही मोजले जाते.

चौथी चूक खास कार्यकर्त्यांची. 'सभा, मोर्चे, धावपळ, हाच आमचा व्यायाम.' प्रत्यक्षात दिवस जातो गाडीवर, खुर्चीत आणि चहा-वडापाववर. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे.

तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून काही स्वीकारू नका, हिताचे आहे का ते स्वतः तपासा. ही कसोटी आपण कर्मकांडांना लावतो. मग स्वतःच्या सबबींना का लावत नाही? अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. निरोगीपणा आणि चांगले पचन हे त्यांतलेच.

सुरुवात अशी करू. आठवडाभर किती मिनिटे चाललो, ते वहीत लिहू. अंदाज आणि नोंद यांतला फरक आपोआप दिसेल. रविवारी विहारात वंदना झाली की सर्वांनी मिळून अर्धा तास चालू. वेळ आणि सोबत आधीच ठरलेली असली, की मनाला पळवाट उरत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

चळवळ लांबची आहे. ती चालवायला शरीर टिकले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!